सावली फिरते, साखळी फिरत नाही
उन्हाळ्यात शेतावरील कुत्र्याची काळजी

एप्रिल महिन्यातील एका दुपारी मराठवाड्यातील एका मोसंबीच्या बागेत कोळी किडीची पाहणी करण्यासाठी गेले होते. बागायतदार जुन्या परिचयाचे. त्यांचा कुत्रा एरवी गाडीचा आवाज ऐकताच भुंकून बाग डोक्यावर घेत असे. त्या दिवशी तो पत्र्याच्या शेडजवळ आडवा पडून होता. मानही उचलली नाही.

“ऊन लागलंय मॅडम, सकाळपासून असाच पडलाय,” बागायतदार म्हणाले. “पाणी शिंपडलं, ताक पाजून बघितलं, पण तोंडच लावत नाही.”

जवळ जाऊन पाहिले. तोंडातून लाळेची धार लागली होती, अंगाला बारीक कंप होता आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. केसांना एक उग्र, माझ्या चांगल्याच ओळखीचा वास येत होता. विचारपूस केल्यावर उलगडा झाला. कुत्र्याच्या अंगावर गोचिडी फार झाल्या होत्या, म्हणून कपाशीच्या हंगामातील बाटलीच्या तळाशी उरलेले कीटकनाशक पाण्यात मिसळून पहाटे फडक्याने त्याच्या अंगाला चोळले होते. औषध ऑरगॅनोफॉस्फेट गटातील होते.

हातमोजे घालून साबण व भरपूर पाण्याने त्याचे अंग धुतले. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर आले, त्यांनी ॲट्रोपिनची इंजेक्शने दिली. तिसऱ्या दिवशी कुत्रा उभा राहिला. त्या गडबडीत आणखी एक गोष्ट ध्यानात आली. शेडच्या ज्या खांबाला तो बांधलेला होता, त्यावर सकाळी शेजारच्या लिंबाची दाट सावली असे. दुपारी ती सावली पूर्वेकडे सरकली होती; साखळी मात्र तेवढीच राहिली होती. म्हणजे विषासोबत ऊनही त्याला सोसावे लागत होते.

मी कीटकशास्त्राची अभ्यासक आहे, पशुवैद्यक नव्हे. मात्र उष्णता, गोचीड आणि कीटकनाशक या तिन्ही गोष्टी उन्हाळ्यात एकाच जनावराच्या वाट्याला कशा येतात, हे त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. पीक संरक्षणाचा सल्ला देताना राखणीच्या या सोबत्याविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे, असे तेव्हापासून वाटत आले आहे.

कुत्र्याला ऊन का सोसत नाही?

माणसाच्या सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याला अशी सोय नाही. त्याच्या घर्मग्रंथी प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांत असतात व त्यांचा उपयोग अल्प असतो. जीभ बाहेर काढून धापा टाकणे आणि त्यायोगे तोंडातील व श्वसनमार्गातील ओलाव्याचे बाष्पीभवन करणे, हाच त्याचा मुख्य उपाय. हवा दमट असेल तर हे बाष्पीभवन मंदावते. त्यामुळे विदर्भातील कोरड्या उन्हापेक्षा कोकण-गोव्यातील तापमान कमी असले, तरी तेथील कुत्र्याला धोका नाही असे समजू नये.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारणतः 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असते. ते 41 अंशांच्या आसपास गेले की मेंदू, मूत्रपिंडे, आतडी अशा अवयवांना इजा होऊ लागते. चपट्या नाकाचे पग, लठ्ठ किंवा वृद्ध कुत्रे, लहान पिल्ले आणि दाट दुहेरी केसांच्या जाती यांना अधिक जपावे. मुधोळ, कारवानी यांसारख्या सडपातळ देशी जाती उष्ण हवेत तुलनेने तग धरतात. परंतु तापलेल्या पत्र्याखाली बांधून ठेवल्यास त्यांचाही निभाव लागत नाही.

सावली, पाणी आणि वारा

कुत्रा कोठे बांधावा हे सकाळी ठरवू नये. दुपारी बारा, दोन आणि चार वाजता त्या जागी उभे राहून सावली कोठे पडते ते पाहावे आणि तिन्ही वेळा जेथे सावली मिळते तीच जागा निवडावी. शक्यतो साखळी न लावता कुंपणाच्या आत मोकळे सोडावे, म्हणजे सावलीबरोबर तो स्वतःच जागा बदलतो. पत्र्याच्या शेडपेक्षा झाडाखालची जागा किंवा गवताने शाकारलेले छप्पर केव्हाही श्रेयस्कर. शेडच वापरायचे असल्यास पत्र्यावर कडबा, पाचट किंवा तुराट्यांचा थर द्यावा व दोन बाजू वाऱ्यासाठी उघड्या ठेवाव्यात. कोरड्या हवेच्या भागात ओले गोणपाट टांगल्याने चांगला गारवा मिळतो. दमट भागात त्याचा फारसा लाभ होत नाही. बंद उभ्या गाडीत मात्र कुत्र्याला पाच मिनिटेही ठेवू नये.

15 किलो वजनाच्या कुत्र्याला एरवी दिवसाला पाऊण ते एक लीटर पाणी लागते. कडक उन्हाळ्यात ही गरज बरीच वाढते. पाण्याची दोन भांडी दोन ठिकाणी ठेवावीत, म्हणजे एक उलटले तरी दुसरे राहते. जड मातीचे भांडे उत्तम. त्यातील पाणी झिरपून थंड राहते. कीटकनाशकाचा रिकामा डबा कापून त्याचे पाण्याचे भांडे करण्याची पद्धत अनेक शेतांवर दिसते. कितीही वेळा धुतला तरी असा डबा कोणत्याही जनावरासाठी वापरू नये.

दुपार घालवायची कशी?

उन्हाळ्यात पीक निघाल्यावर राखणीचे काम कमी होते आणि कुत्र्याची दुपार रिकामी जाते. रिकामा कुत्रा ठिबकच्या नळ्या चावतो, रोपांच्या पिशव्या उपसतो, कोपऱ्यातील पुड्या फाडतो. अशा वेळी त्याला मारून किंवा आखूड बांधून उपयोग होत नाही. त्याच्या स्वभावाला मानवेल असे काम त्याला द्यावे लागते.

धावण्या-फिरण्याचे काम सकाळी साडेसातच्या आत उरकावे. सायंकाळी बाहेर काढण्यापूर्वी हाताची मागची बाजू जमिनीवर सहा-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला चटका सहन होत नसेल, तर त्याच्या तळव्यांनाही होणार नाही. डांबरी रस्ता व सिमेंटचा कोबा सूर्यास्तानंतरही बराच वेळ तापलेला असतो. बांधावरील माती लवकर निवते.

दुपारी पायांऐवजी नाकाला काम द्यावे. भाकरीचे लहान तुकडे गोणपाटाच्या घड्यांत किंवा वाळलेल्या गवताच्या ढिगात लपवून ते शोधायला लावावेत. पंधरा-वीस मिनिटांच्या अशा शोधाने कुत्रा समाधानाने थकतो आणि शरीर फारसे तापत नाही. झाडाखाली दोन-तीन घमेली वाळू टाकून ती ओली ठेवावी. उकरून गार मातीत पोट टेकवणे हा कुत्र्याचा उपजत स्वभाव आहे. त्याला हक्काची जागा मिळाली की तो रोपांचे आळे उकरत नाही. पसरट घमेल्यात चार बोटे पाणी भरून ठेवल्यास अनेक कुत्रे त्यात पाय बुडवून उभे राहतात. घरी फ्रीज असेल तर वाटीभर पाण्यात भाकरीचे किंवा मीठ न घातलेल्या उकडलेल्या कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे गोठवून तो गोळा चाटायला द्यावा. ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ या आज्ञा सावलीत बसून शिकवण्यासही हाच काळ योग्य. ‘सोड’ ही आज्ञा तर पुढे त्याचा जीव वाचवू शकते.

गोचीड : शत्रू कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

गोचीड हा कीटक नव्हे. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ पाय असतात. ती कोळ्यांच्या वर्गातील आहे. कुत्र्यावर आढळणारी तपकिरी गोचीड, म्हणजे ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस, आयुष्यात तीन वेळा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी खाली उतरून भिंतीच्या फटीत, दगडांच्या सांदीत किंवा अंथरुणात दडते. रक्त पिऊन फुगलेली एक मादी काही हजार अंडी घालते. उष्ण हवेत हे जीवनचक्र वेगाने पूर्ण होते. म्हणूनच केवळ कुत्र्याच्या अंगावरील गोचिडी मारल्या, की आठवड्याभरात नव्या चढतात आणि शेतकरी अधिक जहाल औषधाकडे वळतो.

यासाठी पुढीलप्रमाणे उपाय करावेत.

• कुत्र्याच्या बसण्याच्या जागेतील फटी सिमेंटने किंवा मातीने लिंपून बुजवाव्यात व चुना लावावा. जुने गोणपाट जाळून टाकावे. अंथरूण दर आठवड्याला कडक उन्हात वाळवावे.
• रोज कान, पट्ट्याखालची मान, काखा, बोटांमधील जागा व शेपटीखालचा भाग तपासावा.
• चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी व साबणाच्या पाण्यात टाकावी. रॉकेल लावू नये, चटका देऊ नये. बोटांनी चिरडू नये. या गोचिडीमार्फत माणसालाही गोचीड ताप होऊ शकतो.
• कुत्र्यांसाठी तयार केलेल्या गोळ्या, मानेवर सोडायचे थेंब किंवा पट्टे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने व कुत्र्याच्या वजनानुसारच वापरावेत. कुत्र्याचे औषध मांजराला लावू नये. परमेथ्रिनसारखा घटक मांजरासाठी घातक असतो.
• पिकावरील कीटकनाशक कोणत्याही प्रमाणात कुत्र्याच्या अंगाला लावू नये. पिकासाठीचे मिश्रण त्वचेतून शरीरात शिरू शकते आणि कुत्रा ते चाटून पोटातही घेतो. गाई-म्हशींसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शनही अंदाजाने देऊ नये.

प्रत्येक वेळी ‘ऊन लागले’ असेच नसते

मरगळलेला कुत्रा दिसला की उन्हाचे निदान करून आपण मोकळे होतो. पुढील भेद लक्षात ठेवावेत.

उष्माघात काही तासांत, बहुधा उन्हात किंवा कोंदट जागेत राहिल्यावर होतो. धापा थांबत नाहीत, हिरड्या लालभडक होतात, चाल अडखळते, उलटी किंवा जुलाब होतात; पुढे कुत्रा बेशुद्ध पडतो.

गोचीड तापाची लक्षणे काही दिवसांत हळूहळू दिसतात. एर्लिकिया किंवा बबेसिया या रोगजंतूंमुळे होणाऱ्या आजारात पहाटेच्या गारव्यातही अंग तापलेले असते. भूक मंदावते, हिरड्या फिकट पडतात. कधी नाकातून रक्त येते किंवा पोटावर लाल ठिपके दिसतात. रक्ततपासणी व वेळीच उपचार झाल्यास बहुसंख्य कुत्रे बरे होतात.

ऑरगॅनोफॉस्फेट विषबाधेत लाळ व अश्रू वाहतात, बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, जुलाब होतात. अशा वेळी औषधाचा डबा किंवा त्यावरील लेबल पशुवैद्यकाला दाखवावे. उपचार त्यावर अवलंबून असतात.

लाळ गाळणारा प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो आणि उन्हामुळे कुत्रा पिसाळतही नाही. रेबीज हा विषाणूजन्य रोग आहे. मात्र लसीकरण न झालेल्या किंवा अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये.

आधी थंडावा, मग दवाखाना

उष्माघात झाल्यास प्रथम कुत्र्याला सावलीत आणावे. नळाचे किंवा विहिरीचे साधे पाणी सर्वांगावर, विशेषतः पोटावर व जांघेत सतत ओतावे आणि पंख्याने किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा. ओले टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नयेत. ते लगेच गरम होतात व उष्णता आत कोंडतात. शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे, बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही ओतू नये. तापमापक असल्यास गुदद्वारातील तापमान 39.5 अंशांपर्यंत उतरल्यावर पाणी ओतणे थांबवावे. माणसाच्या तापाच्या गोळ्या देऊ नयेत. उष्माघातात त्यांचा उपयोग होत नाही आणि त्या कुत्र्याला विषारी ठरू शकतात. कुत्रा सावध दिसला तरी दवाखान्यात न्यावे, कारण मूत्रपिंडांना झालेली इजा एक-दोन दिवसांनी उघड होते.

हंगामातील आणखी काही धोके

द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. नाशिक-सांगलीकडील बागा व बेदाणा शेडवर फेकलेले घड त्याच्या तोंडी लागू देऊ नयेत. कांदा कच्चा असो वा शिजवलेला, त्याने कुत्र्याच्या लाल रक्तपेशी नष्ट होतात. आंब्याची कोय गिळल्यास आतड्यात अडकते. खरिपाच्या तयारीत आणलेले बीजप्रक्रिया केलेले बियाणे आणि उंदरांसाठीची झिंक फॉस्फाईडची आमिषे कुलपात ठेवावीत. आमिष बिळात टाकून बीळ बुजवावे आणि मेलेले उंदीर पुरून टाकावेत.

विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. शेतावर गेल्यावर पीक पाहून झाले, की उरलेल्या औषधाच्या बाटल्या कोठे आहेत आणि कुत्रा कोठे बांधला आहे, एवढे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. त्या बागायतदारांकडे यंदा पुन्हा गेले, तेव्हा उरलेल्या बाटल्या कुलूपबंद पेटीत होत्या आणि कुत्रा लिंबाच्या बुंध्याशी ओल्या वाळूत पसरला होता. गाडीचा आवाज ऐकून त्याने नेहमीप्रमाणे बाग डोक्यावर घेतली.