तरोटा ओळखायचा कसा?

भगिनींनो, अंजनगाव सुर्जीच्या उत्तरेला मेळघाटचे डोंगर आहेत. तिथल्या कोरकू आज्यांना रानभाज्यांची जी पारख आहे, ती नुसती चित्रं पाहून येत नाही. पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की अशी एखादी जाणती आजी सोबत घ्या आणि बांधावर चला.

सुरुवात तरोट्यापासून करा. पुण्याकडे त्यालाच टाकळा म्हणतात. याच्या देठावर पानांच्या तीन जोड्या असतात आणि पानाचं टोक गोलसर असतं. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा म्हणजे कासविंदा. त्याच्या जोड्या चार ते सहा, अन् पानं टोकदार. हा फरक नीट ध्यानात ठेवा बरं का! कासविंद्याच्या बिया खाऊन उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावली आहेत.

आजी 'हाच' म्हणाली तरच पाला ओटीत घ्या. फुलं येण्याआधीचा कोवळा शेंडाच खुडा, झाड उपटू नका. फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचा पाला मात्र नकोच. घरी आणून स्वच्छ धुवा, बारीक चिरा आणि कांदा, लसूण, मिरचीच्या फोडणीत परता. गरम भाकरीबरोबर फार छान लागतो!

आणि हो, जाताना मुलींनाही न्या. आजीची ही ओळख त्यांच्यापर्यंत पोचायला हवी.