ब्लॉगचं सॉफ्टवेअर स्वतः बनवा, पण थांबायचं कुठे?

"कोडिंग शिकतोय, सराव म्हणून काय बनवू?" असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: स्वतःच्या ब्लॉगचं सॉफ्टवेअर. पण आधी एक कबुली देतो. मी पहिल्यांदा ते बनवलं तेव्हा तीन महिने लॉगिन, टॅग, थीम करत बसलो. आणि त्या तीन महिन्यांत लेख किती लिहिले? शून्य. घर बांधलं, पण राहायला कुणीच नाही!

मुळात लागतं काय? एका फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइल्स, आणि एक छोटा प्रोग्रॅम. तो प्रत्येक फाइल वाचतो, तिचं एचटीएमएल पान बनवतो आणि तारखेप्रमाणे सगळ्या लेखांची यादी तयार करतो. ही पानं सर्व्हरवर चढवली की झालं. ठळक अक्षरं, लिंक यांसाठी मार्कडाउन आहेच. जॉन ग्रूबरने ते २००४ मध्ये आणलं. २००८ मध्ये टॉम प्रेस्टन-वर्नरने बनवलेलं जेकिल याच पद्धतीने चालतं. डेटाबेस नाही, नुसत्या फाइल्स.

आता मोह सुरू होतो. "कमेंट टाकूया की!" फीचर एकच, पण हिशोब करा. कमेंट साठवायला डेटाबेस, स्पॅम अडवायला फिल्टर, मग बॅकअप, मग सुरक्षेचे अपडेट. बनवायला दोन दिवस, सांभाळायचं मात्र कायमचं. प्रोग्रॅमर लोकांचं यावर एक तत्त्व आहे, 'याग्नी'. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ साधा आहे: तुला हे लागणारच नाहीये. पुढे लागेल असं वाटतंय म्हणून आज बनवू नका.

माझा नियम असा: लिहिताना तीच अडचण तीनदा आली, तरच कोडला हात लावायचा. अर्धवट लेख ठेवायचेत? वेगळं फोल्डर करा. फीचर कशाला?

मग सगळंच नको का? तसं नाही. आरएसएस फीड ठेवाच. ॲपमध्ये पॉडकास्टचे नवे भाग येतात ते याच फीडमुळे, आणि ती बनवायला थोड्याच ओळी लागतात. दुसरी गोष्ट आपल्या मराठीची. लिंकमध्ये देवनागरी घातली आणि ती कॉपी केली, की बरेचदा टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि लिंकमध्ये एका बाइटची तीन अक्षरं होतात. म्हणजे नुसता 'मराठी' हा शब्द ४५ अक्षरांचा! म्हणून फाइलचं नाव रोमन अक्षरांत किंवा आकड्यांत ठेवा. ही सोय खरंच लागते, आणि तिला कोडची एकही ओळ लागत नाही.

उद्या तुमचा प्रोग्रॅम बंद पडला, तरी त्या साध्या फाइल्स कुठल्याही फोनवर उघडतील. जपायचं आहे ते लिखाण, सॉफ्टवेअर नव्हे.

तेव्हा या रविवारी एवढंच करा: एक फोल्डर, एक प्रोग्रॅम आणि एक लेख. आधी लेख लिहा बरं का! भेटूया पुढच्या भागात.