काळ आला होता, पण...

एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पाहिलेला हा प्रसंग आहे. वरच्या फळीवरचे ज्ञानकोशाचे खंड काढण्यासाठी ग्रंथालयातले मामा शिडीवर चढले होते. शिडीचा पाय सरकला. मामांनी कपाटाची कड घट्ट धरली म्हणून ते वाचले. हातातले दोन जाडजूड खंड मात्र खाली आदळले. क्षणापूर्वी त्याच जागी एक विद्यार्थिनी उभी होती. सगळे धावले. कोणीतरी म्हणाले, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती!" मामांना चहा पाजण्यात आला आणि शिडी पुन्हा त्याच भिंतीला टेकवून ठेवण्यात आली.

पुढच्या सत्रात तीच शिडी पुन्हा सरकली. या वेळी मामांचे मनगट मोडले. मग विचारपूस झाली, तेव्हा चौघांना आठवले की ही शिडी पूर्वीही सरकत असे. ठाऊक सर्वांना होते. लिहून मात्र कोणीच ठेवले नव्हते.

ज्या घटनेत इजा होऊ शकली असती, पण झाली नाही, तिला आपण 'हुकलेला अपघात' म्हणू. प्रत्यक्ष अपघात आणि हुकलेला अपघात यांची कारणे बहुधा एकच असतात. फरक असतो तो केवळ नशिबाचा. म्हणूनच हुकलेला अपघात ही एक प्रकारची फुकट मिळालेली शिकवण होय. हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकन विमातज्ज्ञाने १९३१ साली असे मांडले की, एका गंभीर दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि इजा न झालेल्या ३०० घटना असतात. हे आकडे सर्वत्र जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असा आक्षेप पुढील अभ्यासकांनी घेतला. तथापि मोठ्या अपघातापूर्वी अनेकदा लहान इशारे मिळालेले असतात, ही गोष्ट अनुभवाला येतेच.

इशारा मिळूनही तो योग्य ठिकाणी न पोहोचल्यास काय होते? १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरू पाहणारे एक प्रवासी विमान डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९२ जण ठार झाले. किती उंचीपर्यंत खाली यावे, याबद्दल वैमानिकांचा गैरसमज झाला होता. चौकशीत असे उघड झाले की, सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचे विमान अशाच गैरसमजातून त्याच डोंगरावरून थोडक्यात निसटले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. इतरांना मात्र ते कळले नाही. यातून धडा घेऊन १९७६ साली अमेरिकेत हुकलेले अपघात कळविण्याची योजना सुरू झाली. तिचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. पत्रे स्वीकारण्याचे काम दंड करणाऱ्या खात्याकडे न ठेवता 'नासा' या संस्थेकडे सोपविले गेले. कळविणाऱ्याचे नाव काढून टाकले जाते, आणि अजाणता घडलेली चूक वेळेत कळविल्यास शिक्षेत सवलत मिळते. भीती गेली की माणूस बोलतो, हेच यामागचे साधे तत्त्व.

विद्यापीठे ही तर ज्ञानाची केंद्रे. तेथे असे होत नसेल, असे आपल्याला वाटेल. परंतु ७ जानेवारी २०१० रोजी अमेरिकेतील टेक्सास टेक विद्यापीठाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत एका संशोधक विद्यार्थ्याच्या हातातील पदार्थाचा स्फोट झाला. त्याची तीन बोटे गेली, चेहरा भाजला, डोळ्याला इजा झाली. त्या स्फोटक पदार्थासाठी मर्यादा १०० मिलिग्रॅमची होती. तयार केला होता सुमारे १० ग्रॅम, म्हणजे शंभरपट! चौकशी मंडळाला असे आढळले की, २००७ पासून त्याच संशोधन-गटांत दोन अपघात थोडक्यात हुकले होते. पण अशा घटना नोंदविण्याची आणि त्यांतून इतरांना शिकविण्याची पद्धतच विद्यापीठात नव्हती. ती सुरू करावी, अशी शिफारस मंडळाने २०११ च्या अहवालात केली.

आपल्याकडे कोणी बोलत का नाही? एक साधे उदाहरण घेऊ. प्रयोगशाळेत चंचुपात्र फुटले की पहिला प्रश्न येतो, "कोणी फोडले?" दुसरा प्रश्न येतो अनामत रकमेतून पैसे कापण्याचा. मग विद्यार्थी काचा गुपचूप कचऱ्याच्या डब्यात टाकतो, आणि सायंकाळी झाडणाऱ्या मावशींचा हात कापतो. दंड वाचला एकाचा, रक्त सांडले दुसऱ्याचे! कंत्राटी कामगाराला नोकरीची धास्ती असते, प्राध्यापकांना विभागाच्या नावाची काळजी असते. प्रत्येकाच्या मौनाला कारण आहे. पण त्या मौनाची किंमत बहुधा सर्वांत दुबळा माणूस मोजतो.

आम्हां कलाशाखेच्या लोकांचा याच्याशी काय संबंध, असेही कोणी म्हणेल. परंतु स्नेहसंमेलनाच्या मंचावरील उघड्या वायरी, डुगडुगणारा पंखा, जिन्याची तुटकी पायरी, ओल्या हाताला झटका देणारा माइक हे सारे आपल्याच वाट्याला येते.

उपाय फार खर्चाचा नाही. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत आणि कार्यालयात एकेक वही ठेवावी. तीत पाच गोष्टी लिहाव्यात : केव्हा घडले, कोठे घडले, काय घडले, काय घडू शकले असते आणि तातडीने काय केले. नाव लिहिण्याची सक्ती नसावी. "कोणाचे चुकले?" याऐवजी "हे कशामुळे घडले?" हा प्रश्न आधी विचारावा. जबाबदार व्यक्तीने ती वही दर आठवड्याला वाचावी आणि काय दुरुस्त केले ते सूचना-फलकावर लावावे. यातील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लिहिलेल्याचे पुढे काही होत नाही असे दिसले, की लिहिणारा हात आपोआप थांबतो.

त्या शिडीच्या पायांना हवी होती फक्त दोन रबरी बुचे. ती बसली, परंतु मामांचे मनगट मोडल्यानंतर. 'वेळ आली नव्हती' हा नशिबाने दिलेला निर्वाळा नव्हे, ती केवळ मिळालेली मुदत आहे. सुटकेचा निःश्वास आपण अवश्य टाकावा. पण तो टाकून झाल्यावर वही उघडावी.