बर्फाला प्लस, म्हशीला मायनस

"एडिट केलंय ना?" सहलीचे फोटो दाखवायला लागलं की पाचव्या-सहाव्या फोटोला हा प्रश्न येतोच, तोही डोळे बारीक करून. अशा वेळी खिशात असावा असा हा दारूगोळा. सोबत थोडा अभ्यासही होईल.

आकडा मोठा, भोक छोटं

नवशिक्याला पहिला चकवा देतं ते अ‍ॅपर्चर. एफ २ म्हणजे भोक मोठं आणि एफ १६ म्हणजे बारीक. हे उलटं का? कारण तो भागाकार आहे. ५० मिलिमीटरची लेन्स एफ २ वर २५ मिलिमीटर उघडते, एफ १६ वर जेमतेम ३. २.८, ४, ५.६, ८ ही रांग विचित्र दिसते खरी, पण दर पायरीला आत येणारा उजेड निम्मा होतो, एवढाच तिचा अर्थ.

उजेड मोजणारा मीटर नसला तरी फिल्मवाले अडायचे नाहीत. त्यांचा 'सनी सिक्स्टीन' नियम असा: लख्ख उन्हात एफ १६ ठेवायचं आणि शटर आयएसओच्या, म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेच्या, आकड्यावर लावायचं. आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग, २०० असेल तर दोनशेवा. मे महिन्यातल्या रायगडावर हा नियम आजही बिनचूक चालतो. डोक्यावर टोपी मात्र हवी.

कॅमेऱ्याला जग राखाडी वाटतं

मीटरचा स्वभावच तसा. समोर काहीही असो, ते सरासरी राखाडी आहे असं धरून तो उजेड ठरवतो. म्हणून लडाखचा बर्फ मळकट येतो आणि काळीभोर म्हैस धुऊन फिकट झाल्यासारखी दिसते. इलाज एका बटणावर आहे, त्यावर प्लस-मायनसची खूण असते. बर्फाला प्लस, म्हशीला मायनस. सगळं एक्स्पोजर शिकायला वेळ नसेल तर एवढं पाठ करा, निम्मे फोटो सुधारतील.

दम्याने दिलेली देणगी

ऑस्कर बार्नाक या जर्मन तंत्रज्ञाला दम्याचा त्रास होता. जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन डोंगर चढणं त्याला झेपेना. त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी वापरणारा छोटा कॅमेरा घडवला. तोच १९२५ साली 'लायका' म्हणून बाजारात आला. त्याची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर होती. आज लाखो रुपये मोजून आपण जो 'फुल फ्रेम' सेन्सर घेतो, त्याचं मापही हेच.

बार्नाकच्या आधीच्यांचे हाल विचारू नका. सॅम्युअल बोर्न १८६६ साली हिमालयात मणिरंग खिंडीपर्यंत, सुमारे १८,६०० फुटांवर, कॅमेरा घेऊन गेला. सोबत हमालांचा तांडा, काचा, रसायनं आणि अंधारा तंबू. तेव्हा काचेवर रसायन ओतून, ती ओली असतानाच फोटो काढून, लगेच तंबूत शिरून धुवावी लागे. आणि आपण कुरकुरतो की पॉवर बँक जड आहे.

गर्दी पळवायची युक्ती

पॅरिसमधला बूलेवार द्यु ताँप्ल हा वर्दळीचा रस्ता. लुई दागेरने १८३८ साली खिडकीतून त्याचा फोटो काढला, तर रस्ता चक्क ओस! एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं, त्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या सगळं पुसलं गेलं. ठळक उरला तो एक माणूस, कारण तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता.

आज हेच एनडी फिल्टरने करता येतं. काळ्या काचेचा हा फिल्टर दहा स्टॉपचा, म्हणजे उजेड दहा वेळा निम्मा करणारा, असेल तर उजेड सुमारे हजारपट घटवतो, मग भर दिवसाही शटर कित्येक सेकंद उघडं ठेवता येतं. पण गेटवे ऑफ इंडियावर फार आशा नको. चालणारे गायब होतील, सेल्फीवाले ठाम उभे राहतील. शिवाय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ट्रायपॉडला आधी परवानगी लागते.

कोकणकड्यावरचं कडं

हरिश्चंद्रगडावर पावसाळ्यात सकाळी कोकणकड्याच्या काठाशी जायचं. पाठीशी ऊन, समोर दरीत धुकं, एवढा योग जुळला की धुक्यावर रंगीत गोल कडं उमटतं आणि मधोमध सावली दिसते. हे इंद्रवज्र. कर्नल साइक्सने १८३५ साली त्याची नोंद केली होती. खरी मजा पुढेच आहे. हे कडं ज्याच्या त्याच्या डोक्याभोवती असतं. चौघे शेजारी उभे असले, तरी प्रत्येकाला कडं स्वतःच्याच सावलीभोवती दिसतं. फोटोत त्याचा मध्य कॅमेऱ्याच्या सावलीवर येतो, म्हणजे फोटो कोणी काढला हे फोटोच सांगतो. मित्राचा फोटो 'मी काढला' म्हणून खपवायची इथे सोय नाही. धुकंही पांढरंच, तेव्हा थोडं प्लस.

आता एडिटिंगचं

डिजिटल सेन्सरला एका ठिपक्यावर एकच रंग कळतो. ब्राइस बायरने १९७६ साली पेटंट घेतलेल्या रचनेत दर चार ठिपक्यांतले दोन हिरवे, एक लाल, एक निळा. उरलेले रंग शेजारपाजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे तुमच्या 'नो फिल्टर' फोटोतला दोन तृतीयांश रंग हा हिशेब आहे. एडिटिंग कॅमेऱ्याच्या पोटातच सुरू झालेलं असतं!

म्हणून जमेल तेव्हा रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, घ्या. जेपेगमध्ये दर रंगाच्या २५६ छटा, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. झाकोळलेला चेहरा उजळायला त्या उपयोगी पडतात. पांढरं फटक पडलेलं आभाळ मात्र कोणीच परत आणत नाही. आणि सॅच्युरेशनला हात आवरा. श्रावणातला सह्याद्री मुळातच हिरवा आहे, त्याला पोपटी करायची गरज नाही.

फोटोशॉपची सुरुवातीची प्रात्यक्षिकंही एका सहलीच्या फोटोवर झाली. जॉन नोलने बोराबोरा बेटावर आपल्या होणाऱ्या बायकोचा पाठमोरा फोटो काढला होता. तो स्कॅन करून जॉन आणि त्याचा भाऊ आपल्या या सॉफ्टवेअरची करामत लोकांना दाखवत. १९९० साली फोटोशॉप विक्रीला आलं. त्याच्या आठ वर्षं आधी, फेब्रुवारी १९८२ मध्ये, 'नॅशनल जिऑग्राफिक'ने आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसवायला गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते. त्यावर बरीच टीका झाली, ती योग्यच होती. रंग सुधारणं वेगळं आणि भूगोल बदलणं वेगळं.

उलटा प्रकार विंडोज एक्सपीच्या वॉलपेपरवरच्या त्या हिरव्या टेकडीचा. सगळ्यांना ती कॉम्प्युटरवर बनवल्यासारखी वाटे. चार्ल्स ओरियरने १९९६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कडेला थांबून तो फोटो फिल्मवर काढला होता. फिल्म होती वेल्व्हिया, हिरवा रंग खुलवण्यात पटाईत. फिल्टर रोलमध्येच!

आणि फार लांबच्या प्रवासातला गाजलेला फोटो? २४ डिसेंबर १९६८, अपोलो ८. बिल अँडर्सने घाईघाईत रंगीत रोल मागून घेतला आणि हॅसलब्लाडने चंद्रामागून वर येणारी पृथ्वी टिपली. मूळ फोटोत चंद्राची जमीन उजव्या बाजूला उभी होती. आपण पाहतो तो बहुतेक वेळा ९० अंशांत फिरवून छापलेला असतो.