प्रतापराव जाधव

प्रतापराव गणपतराव जाधव (जन्म : २५ नोव्हेंबर, १९६०) हे महाराष्ट्रातील बुलढाणा लोकसभा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणारे भारतीय राजकारणी असून शिवसेना पक्षाचे नेते आहेत. २००९पासून ते सलग चार वेळा लोकसभेवर निवडून आले. जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळात त्यांचा समावेश झाला आणि त्यांच्याकडे आयुष मंत्रालयाचा स्वतंत्र कार्यभार तसेच आरोग्य व कुटुंब कल्याण खात्याचे राज्यमंत्रिपद सोपवण्यात आले. त्यापूर्वी त्यांनी मेहकर मतदारसंघातून तीन वेळा विधानसभेची निवडणूक जिंकली होती.

विधानसभेतील कारकीर्द

१९९५च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांची युती राज्यात प्रथमच सत्तेवर आली. त्याच निवडणुकीत जाधव मेहकरमधून विजयी झाले. लोणारचा परिसरही याच मतदारसंघात येतो. युती सरकारच्या उत्तरार्धात त्यांनी राज्यमंत्री म्हणून काम पाहिले. १९९९ व २००४ या निवडणुकांतही त्यांनी ही जागा राखली. मुंबई-ठाण्यात वाढलेला शिवसेना पक्ष विदर्भाच्या ग्रामीण भागात रुजला, त्या काळाशी ही कारकीर्द जोडलेली आहे.

मतदारसंघांची पुनर्रचना

२००८मध्ये मतदारसंघांच्या सीमा व आरक्षण यांत मोठे बदल झाले. तोपर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला बुलढाणा लोकसभा मतदारसंघ खुला झाला, तर मेहकर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. त्यामुळे जाधव यांना मेहकरमधून पुन्हा उभे राहणे शक्य नव्हते. बुलढाण्याचे तत्कालीन शिवसेना खासदार आनंदराव अडसूळ यांनी नव्याने राखीव झालेल्या अमरावतीतून निवडणूक लढवली आणि बुलढाण्याची उमेदवारी जाधव यांना मिळाली. बुलढाणा, चिखली, सिंदखेड राजा, मेहकर, खामगाव व जळगाव (जामोद) हे सहा विधानसभा मतदारसंघ या लोकसभा मतदारसंघात येतात. जिल्ह्यातील मलकापूर मात्र रावेर लोकसभा मतदारसंघाला जोडलेले आहे.

लोकसभा निवडणुका

२००९ : राष्ट्रवादी काँग्रेसचे डॉ. राजेंद्र शिंगणे यांचा २८,०७८ मतांनी पराभव.
२०१४ : राष्ट्रवादी काँग्रेसचे कृष्णराव इंगळे यांचा १,५९,५७९ मतांनी पराभव.
२०१९ : डॉ. राजेंद्र शिंगणे यांचा १,३३,२८७ मतांनी पराभव.
२०२४ : शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे नरेंद्र खेडेकर यांचा २९,४७९ मतांनी पराभव.

संसदीय समित्यांतील काम

२०१९मध्ये जाधव ग्रामविकासविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतील कामाचे हमी दिवस १००वरून १५० करावेत, अशी शिफारस या समितीने २०२२मध्ये केली. या केंद्रीय कायद्यामागे महाराष्ट्राचाच पूर्वानुभव होता. १९७२च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला राज्याने पुढे कायद्याचे रूप दिले होते. स्थायी समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. तथापि त्या स्वीकारल्या की नाकारल्या, याचे उत्तर सरकारला द्यावे लागते.

ऑक्टोबर २०२२पासून ते दळणवळण व माहिती तंत्रज्ञान समितीचे अध्यक्ष होते. नागरिकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयीचा या समितीचा अहवाल जुलै २०२३मध्ये स्वीकारला जात असताना विरोधी सदस्यांनी सभात्याग केला. संबंधित विधेयक समितीकडे रीतसर सोपवलेले नसताना त्यावर अहवाल देता येणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

पक्षाची भूमिका

१९ जून, १९६६ रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी स्थापन केलेल्या शिवसेनेचा आरंभीचा भर मराठी भूमिपुत्रांना नोकऱ्या मिळवून देण्यावर होता. १९८०च्या दशकात पक्षाने हिंदुत्वाची भूमिका स्वीकारली आणि १९८९मध्ये भारतीय जनता पक्षाशी युती केली. कापूस व सोयाबीन पिकवणाऱ्या विदर्भात मात्र कर्जमुक्ती, म्हणजेच शेतकऱ्यांचा ‘सातबारा कोरा’ करणे, ही मागणी पक्षाच्या प्रचारात ठळक राहिली.

२०१९मध्ये जाधव युतीचे उमेदवार म्हणून निवडून आले. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युती तुटली आणि शिवसेनेने काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांच्यासह महाविकास आघाडीचे सरकार स्थापन केले. जून २०२२मध्ये एकनाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखाली पक्षात उठाव झाला. जुलैमध्ये लोकसभेतील १९पैकी १२ खासदार शिंदे यांच्या बाजूने गेले. त्यांत जाधव होते. काँग्रेसशी केलेली आघाडी बाळासाहेबांच्या विचारांशी विसंगत आहे, अशी या गटाची भूमिका होती. पक्षाच्या बळावर निवडून येऊन पक्षनेतृत्वाशी गद्दारी केली, असा ठाकरे गटाचा आरोप होता. १७ फेब्रुवारी, २०२३ रोजी निवडणूक आयोगाने निवडून आलेल्या प्रतिनिधींतील बहुमताची कसोटी लावून पक्षाचे नाव व ‘धनुष्यबाण’ हे चिन्ह शिंदे गटाला दिले. ठाकरे गटाला ‘मशाल’ हे चिन्ह मिळाले.

२०२४ची निवडणूक

या निवडणुकीत बुलढाण्यात दोन्ही शिवसेना समोरासमोर आल्या. जाधव यांना ३,४९,८६७ आणि खेडेकर यांना ३,२०,३८८ मते मिळाली. सोयाबीन-कापसाच्या भावासाठी आंदोलने करणारे रविकांत तुपकर यांनी अपक्ष म्हणून सुमारे अडीच लाख मते घेतली. विजयी मताधिक्यापेक्षा ही मते कितीतरी अधिक होती. पक्षफुटीबरोबरच शेतमालाच्या भावाचा प्रश्नही मतदारांसमोर होता, हे त्यातून दिसते. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा निवडणुकीत जाधव यांच्या पूर्वीच्या मेहकर मतदारसंघात ठाकरे गटाचे सिद्धार्थ खरात विजयी झाले, तर बुलढाणा विधानसभेची जागा शिंदे गटाचे संजय गायकवाड यांनी अवघ्या ८४१ मतांनी राखली.

केंद्रीय मंत्री

९ जून, २०२४ रोजी जाधव यांनी शपथ घेतली. सात खासदार निवडून आलेल्या त्यांच्या पक्षाला या मंत्रिमंडळात हे एकच मंत्रिपद मिळाले. स्वतंत्र कार्यभार असलेला राज्यमंत्री आपल्या खात्याचा प्रमुख असतो, त्याच्यावर कॅबिनेट मंत्री नसतो. आयुष विभागाला नोव्हेंबर २०१४मध्ये स्वतंत्र मंत्रालयाचा दर्जा मिळाला. आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी इत्यादी पद्धती त्याच्या कक्षेत येतात. याआधी मुकुल वासनिक हे बुलढाण्याचे खासदार असताना १९९३ ते १९९६ या काळात केंद्रात राज्यमंत्री होते.

डिसेंबर २०२४च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील काही गावांत अचानक केस गळून टक्कल पडण्याचे प्रकार घडले आणि आरोग्य राज्यमंत्र्यांच्याच मतदारसंघाकडे देशाचे लक्ष गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकांनी तेथे येऊन नमुने गोळा केले.

खामगाव–जालना रेल्वेमार्ग

कापसाच्या वाहतुकीसाठी ब्रिटिश काळात बांधलेला जलंब–खामगाव हा फाटा खामगावलाच संपतो. तो पुढे जालन्यापर्यंत नेऊन विदर्भ व मराठवाडा जोडावा, ही मागणी ब्रिटिश काळापासूनची आहे. बुलढाणा शहर आजही रेल्वेच्या नकाशावर नाही. राज्य सरकारने या मार्गाचा निम्मा खर्च उचलण्याची तयारी दर्शवली असली, तरी सर्वेक्षणे व घोषणा यांपलीकडे प्रत्यक्ष रूळ पडणे हीच जिल्ह्याची मुख्य अपेक्षा राहिली आहे. पक्ष कोणताही असो, बुलढाण्याच्या खासदाराला या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक निवडणुकीत द्यावे लागते.