मूस थंड होताना

मीठ वितळतं ८०१ अंश सेल्सिअसला. तोवर भट्टीत ते पांढरं, ढिम्म बसून असतं; वितळलं की पाण्यासारखं पातळ. मला ते पाण्याच्याच जागी वापरायचं असतं, कारण लिथियम कोबाल्ट ऑक्साइड साध्या पाण्यात विरघळत नाही. मोबाइलच्या बॅटरीतला हा काळा पदार्थ. १९८०मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने तो पुढे आणला आणि १९९१मध्ये सोनीची बॅटरी बाजारात आली. एरवी लिथियम कार्बोनेट आणि कोबाल्ट ऑक्साइड एकत्र घोटून नुसतं भाजतात. आम्ही त्यात भरपूर मीठ घालतो. जपानच्या शिन्शू विद्यापीठात कात्सुया तेशिमा यांच्या गटाने मिठाच्या रसातून याचे सुबक स्फटिक वाढवून दाखवले, त्याच वाटेने आम्ही चाललो आहोत.

मीठ आधी कोरडं करावंच लागतं. कणांत अडकलेलं पाणी तापलं की ते फोडणीत पडल्यासारखं तडतडतं आणि मुशीबाहेर उडतं. मग अगेटच्या खलात घोटणं, हात भरून येईपर्यंत. लिथियम मापापेक्षा थोडं जास्त घालायचं, कारण ९०० अंशांवर त्यातलं काही उडून जातं. हे सगळं अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत भरायचं. सोनाराकडे असते तशीच मूस, फक्त पांढरी आणि झाकणाची.

तापवणं सोपं असतं. खरं काम निवण्यात आहे. खडीसाखरेत काय होतं? गरम पाकात मावलेली साखर पाक निवताना मावेनाशी होते आणि दोऱ्यावर धरते. इथेही तेच, फक्त दोरा नसतो. आम्ही तासाला ५ अंश उतरतो. मीठ गोठलं की वाढ थांबलीच, म्हणून हाताशी असते ती नऊशेच्या खालची जेमतेम शंभर अंशांची पट्टी. तिला २० तास लागतात. सुरुवातीला एकदा मी संध्याकाळीच भट्टी बंद केली. घाईने निवलेल्या रसात जागोजागी इतके अंकुर एकदम फुटले की एकही नीट वाढला नाही. हाती भुकटी आली. प्रयोगशाळेतल्या मामांनी मूस बघितली आणि म्हणाले, “ताई, पुढच्या वेळी रात्रीचं मी बघतो, तुम्ही घरी जा.” तेव्हापासून रात्री आकडे तेच टिपून ठेवतात.

मोठा स्फटिक मला देखणा वाटतो, पण बॅटरीला तो नको असतो. याची रचना चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखी आहे. लिथियम पापुद्र्यांच्या मधून फिरतं, आतबाहेर करतं ते कडेनेच. पापुद्रा भेदून आरपार जात नाही. चकती रुंद झाली की त्याची चाल लांबते. म्हणून हवेत ते काही मायक्रॉनचे, जरा जाडसर. पण अखंड. निकेलवाल्या बॅटऱ्यांत अखंडपणाची किंमत फार. तिथला नेहमीचा कण म्हणजे राजगिऱ्याचा लाडू, असंख्य दाणे चिकटलेले. चार्ज-डिस्चार्ज होताना प्रत्येक दाणा आपापल्या दिशेने फुगतो, आक्रसतो, सांधे उलतात आणि भेगांत इलेक्ट्रोलाइट शिरतो. एकसंध स्फटिकात असे सांधेच नसतात. २०१९मध्ये कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने अशा स्फटिकांच्या सेलचं दीर्घ आयुष्य मांडलं, तेव्हा या कामाकडे पुष्कळांचं लक्ष वळलं.

निवलेल्या मुशीत मिठाचा दगड झालेला असतो. तो ठोकायचा नाही. मूस तशीच गरम पाण्यात ठेवायची. तासाभरात मीठ सुटू लागतं आणि तळाशी काळा साका बसतो. गाळायचं, पुन्हा पाणी घालायचं, पुन्हा गाळायचं. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सोडला की पहिल्यांदा दह्यासारखा पांढरा साका बसतो, मग नुसता दुधी गढूळपणा, मग धूसर झाक. थेंब पडूनही पाणी नितळ राहिलं की मीठ गेलं.

गाळणकागदावरची पूड सुकली की मी तो खिडकीशी नेऊन तिरका करते. भुकटी असेल तर ती काजळासारखी मिट्ट दिसते. आज ती लुकलुकली. सूक्ष्मदर्शकाखाली सहा कडांच्या चकत्या, एकमेकींवर रेललेल्या, कडा सरळ.