गाडीचा निळा धूर : परीक्षा व उपाय

टोमॅटोचे क्रेट किंवा कांद्याच्या गोणी भरून पहांटे बाजारसमितीकडे निघालेल्या पिकअप गाडीच्या मागें निळा धूर दिसूं लागला, कीं इंजिन गेलें अशीच शंका मालकाच्या मनांत प्रथम येते. गॅरेजांतही पुष्कळदां तेंच उत्तर मिळतें, आणि ऐन हंगामांत इंजिन खोललें जातें. आमचें वाचकांस सांगणें असें कीं, निळा धूर हें रोगाचें लक्षण आहे, रोगाचें नांव नव्हे. तो कोणत्या वेळीं निघतो हें पाहिल्यावांचून इंजिन खोलूं देणें म्हणजे नाडी न पाहतां शस्त्रक्रिया करण्यासारखें आहे.

प्रथम धुराचा रंग नीट ओळखावा. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतें जळत नाहीं. पांढरा धूर म्हणजे न जळलेलें डिझेल अथवा पाण्याची वाफ. निळा धूर म्हणजे इंजिनाचें ऑइल सिलिंडरमध्यें शिरून जळत आहे. थंडीच्या दिवसांत गार इंजिनाचा पांढरा धूरही निळसर भासतो. परंतु तो डोळ्यांस झोंबतो, त्यास कच्च्या डिझेलचा वास येतो आणि इंजिन तापतांच तो नाहींसा होतो.

यानंतर डिपस्टिक पाहावी. गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनीं पातळी तपासावी. ऑइल वरच्या खुणेच्या पलीकडे असेल, तर फिरणारा क्रँक तें घुसळून वर उडवितो, आणि धूर तेवढ्यामुळेंही निघूं शकतो. जास्तीचें ऑइल काढून टाकावें. न घालतां पातळी वाढत असेल व ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर त्यांत डिझेल मिसळत आहे. अशी गाडी तपासणी झाल्यावांचून चालवूं नये. पातळी योग्य असल्यास दर १००० किलोमीटरांस किती ऑइल भरावें लागतें, याची नोंद वहींत ठेवावी.

आतां धुराची वेळ पाहूं. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करतांच निळा लोट येऊन थोड्याच वेळांत विरतो व एरव्हीं धूर नसतो, तर संशय वॉल सीलवर घ्यावा. सीलचें रबर कडक झालें म्हणजे हेडमधील ऑइल वॉलच्या दांडीवरून हळूहळू खालीं उतरतें. घाट उतरून तळाशीं ॲक्सिलरेटर दाबतांच लोट आला, तर तेंही याच दोषाचें चिन्ह. पेट्रोल गाडींत तें विशेष स्पष्ट दिसतें. उलट भरलेली गाडी चढ चढतांना धूर अखंड निघत असेल, ओढ कमी झाली असेल आणि ऑइल भराभर उतरत असेल, तर पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर झिजले असण्याचा संभव आहे.

टर्बो असलेल्या गाडींत तिसरी शक्यता असते. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा पाइप सोडून पाहावा. आंत ऑइलची पुसट ओल असणें साधारण आहे. परंतु ऑइल सांचलेलें असेल, तर टर्बोचा संशय धरावा. तथापि नवा टर्बो घेण्यापूर्वीं त्यांतून ऑइल परत नेणारी नळी व इंजिनाचा ब्रीदर पाहावा. यांपैकीं एखादें तुंबलेलें असल्यास ऑइलला खालीं उतरण्यास वाट राहत नाहीं, आणि नवा टर्बोही तसेंच ऑइल ओकतो.

ब्रीदर साफ करूनही ऑइलच्या झाकणांतून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल, ज्यास मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर रिंगांविषयींचा संशय बळावतो. त्याची खात्री सिलिंडरमध्यें दाबाची हवा सोडून करतां येते. हवा ऑइलच्या झाकणांतून आली तर दोष रिंगांचा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉलचा, आणि रेडिएटरमध्यें बुडबुडे आले तर बहुधा हेड गॅस्केटचा. वॉल सीलचा दोष या चाचणींत दिसत नाहीं. म्हणून सिलिंडर घट्ट निघूनही सकाळचा लोट राहिला, तर सीलच बदलावे. पुष्कळ इंजिनांत ते हेड न उतरवितां बदलतां येतात.

रिंगा झिजल्या असतील, तर सिलिंडरचें माप वर, मध्यें व खालीं घ्यावयास लावावें. अंडाकृति झालेल्या सिलिंडरमध्यें नुसत्या नव्या रिंगा घातल्यास धूर लवकरच परत येतो. तेथें बोअरिंग करून मापाचे पिस्टन किंवा नवे लायनर हाच उपाय होय. झीज कां झाली हेंही शोधावें. शेतरस्त्याची धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आंत जात असेल, तर नव्या कामाचीही तीच गत होईल. जाड ऑइलानें दोष झांकला जातो, बरा होत नाहीं.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या ज्या डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर आहे, त्यांत हा धूर फारसा दिसत नाहीं. ऑइलची राख मात्र फिल्टर तुंबविते. तेथें डिपस्टिक हीच खरी साक्षीदार.

शेवटीं एक धोक्याची सूचना. टर्बोचे सील एकाएकीं गेल्यास डिझेल इंजिन स्वतःचेंच ऑइल पिऊन, किल्ली बंद केली तरी, बेफाम धांवत राहूं शकतें. अशा वेळीं ब्रेक घट्ट दाबून, गाडी वरच्या गियरमध्यें टाकून क्लच सोडावा व इंजिन कोंडावें. तें न साधल्यास गाडी न्यूट्रल करून, हँडब्रेक लावून दूर व्हावें. हवेच्या तोंडावर हात कधींही ठेवूं नये.

यावरून काय थांबवितां येतें व काय नाहीं, हें वाचकांच्या ध्यानांत येईल. वॉल सीलचें काम, ऑइलची पातळी रोज पाहत, हंगाम सरेपर्यंत लांबवितां येतें. टर्बो ऑइल ओकत असेल, तर मात्र बाजाराच्या एका फेरीसाठींही गाडी बाहेर काढूं नये.